दोन बोटं

रंगाऱ्याने होडीच्या अंगावर डाव्या हाताची दोन बोटं आडवी टेकवली, पेन्सिलीच्या खुणेच्या बरोबर वर, आणि बोटांच्या वरच्या कडेला खडूने बारीक टिंब ठेवलं. दोन पावलं पुढे सरकला, पुन्हा दोन बोटं, पुन्हा टिंब. पेन्सिलीची खूण काही त्याची नव्हती. ती ग्रॅमताईची होती. पारदर्शक नळीत पाणी भरून, पातळी जुळवत, होडीभोवती दीड दिवस रांगून तिने ती केली होती. होडी पाण्यात उतरली की पाणी नेमकं कुठवर येईल, हे सांगणारी खूण. आणि हा बाबा तिच्या डोळ्यांदेखत ती दोन बोटं वर चढवत होता.

"दादा, हे काय चाललंय?"

"रेघ आखतोय."

"रेघ खाली आहे."

"ती कागदाची," रंगारी न वळता म्हणाला. "ही पाण्याची."

"पाण्याने तुम्हाला सांगितलं?"

"तीस वर्षं सांगतंय." आता तो वळला. "होडी कागदापेक्षा खाली बसतेच, ताई. जेवलेला माणूस खुर्चीत जरा जास्त रुततो, तसं. मग खालची रेघ जाते पाण्यात, आणि धक्क्यावरचे लोक म्हणतात, अरे, ही आत्ताच बुडायला लागली! दोन बोटं वर मारली की कुणाला काही कळत नाही. लोकांना वाटतं मी रंग मारतो. मी होड्यांची अब्रू राखतो."

ग्रॅमताईने खिशातून फडकं काढलं आणि पहिलं टिंब पुसलं. मग दुसरं. रंगारी तोंड उघडं ठेवून बघत राहिला.

"रेघ पेन्सिलीवर मारा," ती म्हणाली. "एक केसही वर नको."

ग्रॅमताई हे नाव तिला शेडनेच ठेवलं होतं. वर्षापूर्वी कामाला सुरुवात झाली तेव्हा तिने दाराशी काटा मांडला होता, आणि आत येणारी रेझिनची प्रत्येक बादली, काचतंतूंच्या मॅटचा प्रत्येक गुंडाळा, खिळ्यांचा प्रत्येक पुडा तोलून वहीत टिपायला लावला होता. काटा बरोबर आहे ना हे बघायला दर सोमवारी ती कोपऱ्यातल्या जुन्या तराजूची लोखंडी वजनं त्यावर ठेवायची. गेल्या महिन्यात ती वजनंच नाहीशी झाली, तेव्हा तिने भंगारवाल्यावर संशय घेतला आणि नवी आणली. "आमच्या ताईंनी शिंक दिली तरी तिचं वजन लिहितील," असं शेडमध्ये म्हणत.

शेड आत्याची. वडिलांची थोरली बहीण. कामगारही तिला आत्याच म्हणत. मुलांच्या बागेतल्या घसरगुंड्या आणि तळ्यातल्या पायडलच्या होड्या हा तिचा धंदा, आणि तो बरा चालला होता. शिडाची होडी करायची हे वेड भाचीचं. बावीस फूट लांब, फायबरग्लासची. सुट्टीच्या दिवशी आईबाप, दोन मुलं आणि एखादा हट्टी पाहुणा घेऊन निघावं अशी. पोटाखाली लोखंडाचा उभा पंख, ज्याला शेडमध्ये सगळे कील म्हणत. वारा शिडाला आडवं पाडू बघतो तेव्हा हा पंख होडीला खालून ओढून सरळ करतो. पंख जड हवा, बाकी सगळं हलकं. सगळी गोम एवढीच, आणि एवढ्याशा गोमेला तिला तीनशे पानं आकडेमोड लागली होती.

शिडाच्या होड्या चालवायला शिकवणाऱ्या एका शाळेला अशा सहा होड्या हव्या होत्या. पहिली होडी धक्क्यावर तपासणार, पसंत पडली तर सहाही इथेच. तपासणीचे नियम दोन पानी होते, पण मुद्दे दोनच: होडी आपल्या रेघेवर तरंगली पाहिजे, एक सेंटिमीटर इकडेतिकडे चालेल, आणि डोलकाठी पाण्याला टेकेपर्यंत आडवी पाडून सोडली की होडी आपली आपण उभी राहिली पाहिजे.

रेघ कुठे रंगवायची, हे मात्र नियमात नव्हतं.

संध्याकाळी आत्याने तिला गाठलं. रंगाऱ्याने चुगली केली होती.

"पोरी, शाळेकडून तपासायला येणारी बाई रंगवलेली रेघ बघणार की तुझा कागद?"

"रंगवलेली रेघ."

"मग दोन बोटं वर असू दे की! कुणाचं काय जातंय?"

"तीनशे किलो जातात, आत्या. चौऱ्याऐंशी किलो वाढले की ही होडी एक सेंटिमीटर बसते. दोन बोटं म्हणजे साडेतीन सेंटिमीटर. म्हणजे चार धडधाकट माणसं जन्मभर आत बसलेली, तिकीट न काढता."

"बसू देत. तुझी रेघ पाण्याखाली गेली तर सहा होड्या गेल्या. वर्षभर खपून केलेला साचा अंगणात पालथा पडेल आणि त्याच्यावर गवत उगवेल. मग आहेच आपली घसरगुंडी."

ग्रॅमताईने वही मिटली. बोलायचं झालं असतं तर फार मागे जावं लागलं असतं. शिक्षण संपल्यावर एका मोठ्या कारखान्यात तिने पहिली होडी आखली होती. ती पाण्यात उतरली ती बरोबर रेघेवर, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिच्या हाती गुच्छ दिला, फोटो काढला. आठवड्याने जुना रंग खरवडताना तिला रेघेखाली दुसरी रेघ सापडली. तिची. दोन बोटं खाली. आदल्या दिवशी कुणीतरी तिची अब्रू राखली होती, आणि तिला विचारायचीही गरज कुणाला वाटली नव्हती. तो फोटो अजून तिच्या कपाटात पालथा होता. लोक म्हणायचे, पहिल्याच होडीत काय नेम लागला तुझा! आणि तिला खाली बघावं लागायचं. आपला हिशेब चुकला होता की लोकांनी होडी जड केली होती, हे तिला आजवर कळलं नव्हतं. वर सरकवलेल्या रेघेने तेवढंच झाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ती घसरगुंडीच्या पायरीवर उभी राहिली. भाषण तिला जमत नसे, म्हणून तिने एकच वाक्य पाठ करून आणलं होतं.

"रेघ पेन्सिलीवरच मारली जाईल, आणि शनिवारी सकाळी होडी पाण्यात जाईल."

टाळ्या नाहीत, कुरकुर नाही. शेडमध्ये एकदम अशी शांतता पसरली, जशी वर्गात 'वह्या तपासायला द्या' म्हटल्यावर पसरते. तिला तेव्हा त्या शांततेचा अर्थ कळला नाही.

तो चार वाजता कळायला लागला. सुतारकाका कप हातात घेऊन तिच्या टेबलाशी आले, बसले, कपातल्या नसलेल्या चहाचा घोट घेतला.

"ताई, आतलं छत तुम्ही सहा मिलिमीटरच्या प्लायचं सांगितलं होतंत."

"हो."

"सहाची प्लाय म्हणजे पुठ्ठा हो. बोट लावलं की थरथरते. या हातांना थरथरणाऱ्या लाकडाची सवय नाही." कप खाली ठेवला. "नऊची घातली. छतालाही, आतल्या आडभिंतींनाही."

"पण काट्यावर तर सहाची तोलली होती!"

"सहाचीच तोलली. नऊची मागच्या दाराने आली."

"किती जास्त?"

"चौतीस किलो."

"एवढं नेमकं?"

"मग! चोरी करायची ती मोजूनमापून."

तिला हसू आलं, ते तिने वहीत लपवलं आणि लिहिलं: छत, चौतीस, वर. वजन किती यापेक्षा कधीकधी वजन कुठे हे जास्त महत्त्वाचं. छतातला एक किलो तळातल्या किलोसारखा नसतो. तो वरून होडीला आडवं पाडायला मदत करतो.

"काका, रेघ दोन बोटं वर असती तर तुम्ही हे सांगितलं असतंत?"

"वेडा आहे का मी?" काका म्हणाले.

गुरुवारी रंगारी स्वतः आला. ब्रश पुसत, इकडेतिकडे बघत. पुढच्या टोकाला साच्यातच एक उथळ खड्डा राहिला होता, उजेड तिरपा पडला की दिसायचा, त्याच्या जिवाला लागला होता. त्याने त्यावर पुट्टी भरली. मग ती बाजू उठून दिसायला लागली म्हणून दुसऱ्या बाजूलाही भरली.

"आपल्या डोळ्यातलं मुसळ, ताई," तो म्हणाला. "अकरा किलोचं."

"काढता येईल?"

"काढली तर रंगही जाईल. आणि मीही जाईन."

वहीत: पुट्टी, अकरा, पुढे, निघत नाही.

तिची नजर आता रोलरमामांकडे जायला लागली. मॅटवर रेझिन ओतून लोखंडी रोलरने एकेक बुडबुडा चिरडत थर बसवणारा त्या शेडमधला सगळ्यात जुना हात. त्यांनी बसवलेल्या थरात बुडबुडा शोधून दाखवा, अशी पैज लावायचे आणि जिंकायचे. गुरुवारभर ते तिच्याशी बोलले नाहीत. शुक्रवारी सकाळी ती आली तेव्हा ते होडीखाली, कीलला पाठ टेकून बसले होते.

"मामा?"

"तळाला दोन थर जास्त आहेत," ते होडीच्या पोटाकडे बघत म्हणाले. "बावन्न किलो. घसरगुंडीच्या ढिगातली मॅट. काट्यावरून गेली नाही."

ती त्यांच्या शेजारी खाली बसली. बावन्न. आणि हे निघणारं नव्हतं. थर एकदा बसला की तो थर राहत नाही, होडीच होतो.

"मी सात थर सांगितले होते मामा. सात पुरतात. मी तुकडा मोडून दाखवला होता तुम्हाला, दाबाच्या यंत्रात. सांगितलं होतं त्याच्या तिप्पट भार घेतला त्याने."

"बघितलं होतं की. शिकलेल्या माणसाचं खोटं कशाला म्हणू?" मामांनी तळावर पंजा फिरवला, एखाद्या गाईच्या पोटावर फिरवावा तसा. "पण माझ्या हातून गेलेल्या प्रत्येक होडीत एक थर माझा असतो. आत लेकरं बसतात, खाली खोल पाणी असतं. यंत्राला लेकरं नाहीत."

"तो एक झाला. दुसरा?"

मामांनी तळावरचा पंजा काढून घेतला. मग कानाची पाळी चोळत म्हणाले, "दुसरा, ही तुमची इथली पहिली म्हणून."

 तिने वही काढून लिहिलं: थर, बावन्न, तळाला. पुढे काहीच लिहिलं नाही.

दुपारी जेवताना आत्याने भाजीत दुसऱ्यांदा मीठ घातलं.

"आत्या, घातलंयस मीठ."

"माहितीये मला." आत्याने ताट सरकवलं. "तुझ्या वहीत सगळे जाऊन आले म्हणे. देवळासारखी रांग लागली होती."

"तिघं आले."

"चौथी लिही."

ग्रॅमताईचा घास हातात राहिला.

"मला त्या आडव्या पाडायच्या तपासणीचं भय वाटतं गं. माझ्या डोळ्यांसमोर येतं, ती बाई बघतेय, होडी आडवी पडलीये आणि उठतच नाही. म्हटलं, खाली थोडं जड असेल तर बरं." आत्याने पदराने कपाळ पुसलं. "जुन्या तराजूची वजनं. मागच्या बैठकीखाली, फळीच्या आत. गोणपाटात गुंडाळून."

"वजनं? आणि मी त्या भंगारवाल्याला काय काय बोलले!"

"त्याला मी नंतर चहा पाजला."

"किती आहेत?"

"पाच-पाच किलोची बारा. एक बरंय, तुला तोलायला नकोत. आकडा कोरलेलाच आहे."

यावर मात्र ग्रॅमताई हसली, आणि एकदा हसू सुटलं ते आवरेना. आत्या आधी रागावली, मग तिलाही हसू फुटलं, आणि दोघींची ताटं तशीच निवली.

हसू ओसरल्यावर तिने बेरीज केली. चौतीस, अकरा, बावन्न, साठ: एकशे सत्तावन्न. म्हणजे जवळजवळ दोन सेंटिमीटर. शिवाय आत्याचे साठ किलो अगदी मागे, म्हणजे होडी ढुंगण टेकून बसणार. ती पेन्सिल हातात धरून त्या आकड्याकडे बघत राहिली, आणि मग तिला ते आठवलं जे ती या चार दिवसांत मुद्दाम आठवत नव्हती.

ती उठली आणि शेडमध्ये गेली. सगळे होडीपाशीच होते, निकालाची वाट बघितल्यासारखे.

"पाचवी मी," ती म्हणाली.

"काय पाचवी?" रंगाऱ्याने विचारलं.

"कागदावरच्या हिशेबात मी साठ किलो लपवले आहेत. दोरखंड, तारा, बोल्ट, गाद्या. प्रत्येकात दोन-दोन, तीन-तीन किलो जास्त लिहिले. होडी जड होईल या भीतीने. कुणाला सांगितलं नाही. आत्यालाही नाही." तिचे कान तापले होते. "म्हणजे ती पेन्सिलीची रेघही साठ किलो वरच आहे. पाऊण सेंटिमीटर."

 मग मामांच्या छातीतून खर्जातलं हसू निघालं.

"म्हणजे दारात काटा ठेवून बसलेला माणूसच!" ते म्हणाले. "अहो ताई, मग आधीच सांगायचं! आम्हाला उगाच वाटत होतं तुम्ही परक्या आहात."

"भीती सगळ्यांनाच होती," आत्या मागून म्हणाली. "प्रत्येकाने आपली आपली वेगळी पुरली, एवढंच."

"आता एकत्र मोजू," ग्रॅमताई म्हणाली, आणि फळा ओढून घेतला.

छताची आणि आडभिंतींची प्लाय निघत होती: चौतीस गेले. आत्याची वजनं निघत होती: साठ गेले. उरली पुट्टी आणि मामांचे थर, त्रेसष्ट. आणि समोर तिचे लपवलेले साठ. तीन किलोंचा फरक म्हणजे मिलिमीटरचा अर्धा हिस्साही नाही. रंगाची रेघ त्यापेक्षा जाड. पुट्टी पुढे होती म्हणून नाक किंचित दबलं असतं, त्यावर तिने पुढच्या बैठकीखालची बॅटरी चाळीस सेंटिमीटर मागे, पायऱ्यांखाली आणली. तीन वाजल्यापासून सुतारकाका छत उतरवत होते. सहाची प्लाय बसवताना ते दर फळीला, "थरथर, बाई, थरथर, तुझे दिवस आलेत," असं म्हणत होते. आत्याने वजनं एकेक करून बाहेर काढली, प्रत्येक वजन काढताना एकदा भाचीकडे बघितलं, आणि बारावं वजन हातातच धरून उभी राहिली.

"नक्की उठेल ना गं ती?"

"उठेल."

"एवढी खात्री?"

"कीलवर विश्वास ठेव आत्या. तो तू नाही लपवलास, मी आखलाय."

आणि दिवस मावळायच्या आत रंगाऱ्याने पेन्सिलीवर निळी रेघ मारली. मारताना त्याची डावी दोन बोटं आपोआप वर जात होती. शेवटी त्याने तो हात खिशात घातला.

शनिवारी सकाळी वारा अगदी मंद होता, पाणी काचेसारखं. तपासणीला आलेली बाई बुटकी, डोक्यावर कापडी टोपी, हातात फूटपट्टी आणि खिशात बिस्किटं. तिने आल्याआल्या सांगितलं, "मला भाषण नको, होडी दाखवा," आणि ग्रॅमताईला ती तिथेच आवडली.

क्रेनच्या पट्ट्यांत लटकत होडी धक्क्यावरून बाहेर गेली. पांढरी, गुळगुळीत, खाली काळा पंख. हळूहळू पंख पाण्यात गेला, पोट टेकलं, पाणी वर यायला लागलं.  पट्ट्या सैल झाल्या. होडी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुलली, एखादी बाई नव्या घरात खुर्चीत टेकताना जरा सरकून नीट बसते तशी, आणि स्थिर झाली.

रंगारी धक्क्याच्या शेवटच्या ओल्या पायरीवर पालथा झोपला. डाव्या हाताची दोन बोटं पुढे केली, पाणी आणि निळी रेघ यांच्यामध्ये घालायला. घातली. पुन्हा घातली. मग मान वर केली.

"जागा नाही," तो म्हणाला.

"काय?"

"बोट घालायला जागा नाही! नख घालायला जागा नाही!" त्याचा आवाज चिरकला. "पाणी रेघेवर आहे हो! रेघेवर!"

तपासणाऱ्या बाईने फूटपट्टी काढली, चार ठिकाणी टेकवली. दोन मिलिमीटर, एक, एक, दोन. पट्टीकडे पुन्हा बघितलं, ती उलटी तर धरली नाही ना म्हणून.

"रेघ आज मारलीत का, पाण्यात सोडून वर काढून?" तिने विचारलं.

"काल," रंगारी ताठ उभा राहत म्हणाला. त्याच्या सदऱ्याची पुढची बाजू पार भिजली होती. "पेन्सिलीवर. एक केसही वर नाही."

मग दुसरी परीक्षा. होडीची दारं बंद केली. डोलकाठीच्या टोकाला दोर बांधला, दोराला ओढ मोजणारा काटा लावला. मामा, सुतारकाका आणि क्रेनवाला ओढायला लागले. डोलकाठी झुकली, आणखी झुकली, निळी रेघ एका बाजूने पाण्यातून सरसर वर आली, मग तळ, मग कीलचा काळा पंख उघडा पडला, आणि डोलकाठीचं टोक पाण्याला शिवलं. होडी आडवी पडली होती. आत्याने डोळे मिटून घेतले.

"ओढ किती?" बाईने विचारलं. "साठ किलोच्या वर लागते."

ग्रॅमताई वाकली. "शहात्तर."

"आधी पाठवलेल्या कागदावर चौऱ्याहत्तर लिहिलेत तुम्ही."

"हो." तिने मामांकडे बघितलं. दोराला लोंबकळत, गळ्याच्या शिरा ताणून ते ऐकत होते. "वरचे दोन मामांचे आहेत. तळाला त्यांचे दोन थर जास्त आहेत. काल हिशेबात आणि ड्रॉइंगमध्ये घेतले, त्यांच्या नावासकट."

दोर सोडायचा इशारा झाला तेव्हा मामांनी तो सगळ्यात शेवटी सोडला.

होडी उठली. आधी सावकाश, पंखाच्या वजनाने, जणू विचार करून, मग एकदम. डोलकाठी आभाळात अर्धवर्तुळ काढत सरळ झाली, पलीकडे झुकली, परत आली. अंगावरचं पाणी दोन्ही बाजूंनी ओघळलं, आणि निळी रेघ जिथे होती तिथे येऊन थांबली. धक्क्यावर असा गलका झाला की पलीकडच्या गोदामातली माणसं बाहेर आली. सुतारकाका क्रेनवाल्याला मिठी मारत होते, ज्याला ते सकाळपर्यंत ओळखतही नव्हते.

"उठली का?" आत्याने डोळे मिटूनच विचारलं.

"बघ तरी!"

"नको, आधी सांग."

"उठली आत्या. कधीची उठून उभी आहे."

बाईने बिस्किटाचा पुडा फोडून सगळ्यांपुढे धरला. "सहाही अशाच हव्यात," ती म्हणाली. "अशाच. मामांच्या थरासकट."

मग शीड चढवलं आणि सगळे होडीत चढले, बाईही, टोपी घट्ट धरून. एकेक माणूस चढला तशी रेघ पाण्याखाली जात चालली, आणि रंगाऱ्याचा जीव वरखाली झाला.

"ताई, गेली! रेघ गेली!"

"जाऊ दे की. सात माणसं, चारशे नव्वद किलो, पाच सेंटिमीटर आणि आठ मिलिमीटर. हे वजन आपल्याला माहीत आहे."

धक्क्यापासून थोडं दूर गेल्यावर वारा भरला. शीड फुगलं, होडी एका अंगावर कलली, आत्याने भाचीचा दंड पकडला, आणि कलायचं तेवढं कलून होडी थांबली. सुकाणूखाली पाणी खळखळायला लागलं. मामा खाली फळीवर पाय सोडून बसले होते. त्यांनी तळाला पंजा लावला आणि तो तिथेच राहू दिला. सुतारकाका आत जाऊन छताला बोट लावून आले. "थरथरत नाही," असं त्यांनी कुणालाही उद्देशून न सांगता सांगितलं.

ग्रॅमताईच्या हातात सुकाणू होतं. तिने मागे बघितलं. पाण्यात सरळ, पांढरा माग उमटत होता, धक्क्यापासून इथवर. कुणी हाक मारली असती तर तिला ऐकू आली नसती.

"रंगारी," आत्या वारा कापत ओरडली, "तुझी ती दोन बोटं इकडे आण!"

"आता कशाला? रेघ तर बरोबर आली!"

"माझ्या डोक्यावर धर. स्वर्ग तेवढाच उरलाय."

रंगाऱ्याने डावा हात खिशातून काढला, आत्याच्या डोक्यावर दोन बोटं आडवी धरली, एक डोळा मिटून वर आभाळाकडे नेम धरला, आणि मान हलवली.

"दीडच, आत्या," तो म्हणाला. "मोजूनमापून."